उघड्या दारातून आत गेल्यावर

गेल्या पावसाळ्यात पुण्यातल्या एका छोट्या फिल्म क्लबात जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावाचा ‘अकाहिगे’ पाहिला. आपल्याकडे तो ‘रेड बिअर्ड’ या नावाने जास्त ओळखीचा. तीन तासांहून लांब सिनेमा आणि बाहेर धो धो पाऊस, त्यामुळे संपल्यावर कोणीच घरी जाईना. चहा आला आणि त्याच्याबरोबर वादही. मुख्य भूमिकेतल्या तोशिरो मिफुनेबद्दल दुमत असण्याचं कारण नव्हतं. पण तरुण डॉक्टर यासुमोतोचं काम करणारा तो देखणा नट कोण, असं कोणीतरी विचारलं. एकाने फोनवर शोधलं आणि निकाल सांगून टाकला, “हा तर तिथल्या मोठ्या हिरोचा मुलगा. वशिल्याचं तट्टू!” झालं, दोन तट पडले. एक बाजू म्हणाली, घराणेशाही ती घराणेशाही, मुंबईची असो की टोकियोची; बापाच्या नावावर आत आलेल्याचं कौतुक कशाला? दुसरी म्हणाली, काम चांगलं झालंय ना, मग बापाची चौकशी कशाला? आडात नसतं तर पोहऱ्यात आलं असतं का? तासभर हेच चाललं.

मला दोन्ही बाजू पटल्या नाहीत. त्या रात्रीपासून हा वाद डोक्यातून गेलेलाही नाही, कारण हिंदी सिनेमाबद्दल, राजकारणाबद्दल, वकिली-डॉक्टरीबद्दलसुद्धा आपण गेली काही वर्षं तो याच पद्धतीने घालत आलो आहोत. पहिली बाजू दाराशीच थांबते. दार कोणासाठी उघडं होतं एवढं कळलं की तिचा निकाल तयार असतो, आत काय घडलं ते पाहायला ती जातच नाही. दुसरी बाजू दार होतं हेच विसरायला सांगते, जणू सगळे एकाच रांगेत उभे होते आणि हा केवळ गुणांवर पुढे निघाला. माझं म्हणणं असं आहे की वारशाने मिळालेल्या सोयीचा हिशेब पूर्ण मांडावा, त्यातली एक पैही लपवू नये. पण वहीचं पान तिथेच मिटू नये. आत गेल्यावर त्या माणसाने काय केलं? आतली व्यवस्था त्याच्यामुळे हलली का? मागून येणाऱ्यांची वाट थोडी तरी रुंद झाली का? त्या रात्री ज्याला तट्टू म्हटलं गेलं त्या युझो कायामाच्या बाबतीत या प्रश्नांची उत्तरं बहुतांशी ‘हो’ अशी आहेत, आणि जिथे ती ‘नाही’ अशी आहेत तिथेही शिकण्यासारखं बरंच आहे.

आधी त्याला काय काय आयतं मिळालं ते लिहू. कायामाचा जन्म ११ एप्रिल १९३७ चा, योकोहामातला. तो वाढला जवळच्याच चिगासाकीत, अगदी समुद्राकाठी. खरं नाव नाओआकी इकेहाता. वडील केन उएहारा १९३० च्या दशकातले बडे नायक. किनुयो तानाकाबरोबरच्या १९३८ च्या ‘आइझेन कात्सुरा’ने त्यांना घराघरांत नेलं होतं. आई योको कोझाकुराही अभिनेत्री. तिच्याकडून वंशवेल तोमोमी इवाकुरापर्यंत पोहोचते, म्हणजे मेइजी काळातला जपान घडवणाऱ्या मोजक्या मुत्सद्द्यांपैकी एकापर्यंत. त्याची छबी पुढे ५०० येनच्या नोटेवर होती. शिक्षण केइओ विद्यापीठात, कायद्याच्या शाखेत. १९६० मध्ये पदवी हातात पडली आणि त्याच वर्षी तोहो या सिनेकंपनीत नट म्हणून नाव लागलं. वर्षभरात कंपनीने त्याला मध्यभागी ठेवून ‘वाकादाइशो’ ही सिनेमांची मालिका सुरू केली, आणखी वर्षभरात तो कुरोसावाच्या ‘सान्जुरो’त मिफुनेसमोर उभा होता. १९६६ मध्ये बीटल्स टोकियोला आले तेव्हा हॉटेलला पोलिसांचा कडेकोट वेढा होता. आत जाऊन त्यांच्याबरोबर बसून सुकियाकी खाल्ली ती कायामाने. इतकी दारं एकाच माणसासाठी आपोआप उघडतात, तेव्हा त्याला नशीब म्हणून सोडून देणं हा इतरांवर अन्याय आहे. इथपर्यंत मी पहिल्या बाजूबरोबर आहे.

त्या बाजूचा खरा हुकमी पत्ता मात्र तिच्या हातात असूनही तिने टाकला नाही, म्हणून तो मीच टाकतो. त्याच १९३७ साली, त्याच योकोहामात, कायामानंतर दीडेक महिन्याने एका मासळीविक्रेत्याच्या घरी मुलगी जन्मली. तीच पुढची हिबारी मिसोरा. युद्ध संपलं तेव्हा ती आठ वर्षांची होती. बाराव्या वर्षी, १९४९ मध्ये, तिचा सिनेमा आणि त्यातलं तिचं गाणं यांनी हरलेल्या, उपाशी जपानला वेड लावलं. पुढे दीडशेहून अधिक सिनेमे, आणि गाण्यांची तर गणतीच नको. सिनेतारका आणि गायिका अशी दुहेरी कारकीर्द तिच्याइतकी मोठी जपानात दुसऱ्या कोणाची शोधूनही सापडणार नाही. मग मासळी बाजारातून ही उभी राहू शकते, तर हिरोच्या मुलाचं कसलं एवढं कौतुक? प्रश्न रोखठोक आहे. पण त्याच्यापाठोपाठ दुसराही विचारायला हवा. हिबारीला काय करता आलं नाही? तिला हरता आलं नाही. एक हंगाम वाया घालवणं, एखादी वेडी कल्पना करून बघणं, ती फसली तर हसून विसरणं, ही चैन तिच्या नशिबात नव्हती. लहानपणापासून तिच्या गळ्यावर घर चाललं, आणि कंपनीने नेमलेल्या संगीतकारांची गाणी गाऊन तिने ते चालवलं. विशेषाधिकार म्हणतात तो नेमका कशात असतो याचं उत्तर मला या दोन समवयस्कांच्या तुलनेत मिळतं. गाडी-बंगल्यापेक्षा तो खेळून बघण्याच्या मुभेत असतो. आपण ज्याला हौस म्हणतो, ती पुरवून घेण्याची मुभा.

आपल्या भाषेतच एक गंमत दडली आहे. गाण्यात ‘घराणं’ म्हटलं की आपला हात आपसूक कानाच्या पाळीकडे जातो. त्याच शब्दाला ‘शाही’ जोडली की आपण नाक मुरडतो. हा दुटप्पीपणा आहे का? मला तसं वाटत नाही, त्यात शहाणपण आहे. घराण्यात प्रवेश जन्माने मिळो की गंडा बांधून, बैठकीत बसल्यावर बापाच्याच ताना घोकणारा कोण आणि चालत आलेल्या रागात स्वतःची जागा घेणारा कोण, हे श्रोत्याला दोन मैफिलींत कळतं. वारसा हे भांडवल आहे असं मानून आपण त्यावरचं व्याज मागतो. घराणेशाहीची चीड येते ती व्याज बुडवणाऱ्याची. मग सिनेनटाला हीच फूटपट्टी का लावू नये?

ती लावून ‘अकाहिगे’ पुन्हा पाहा. यासुमोतो नागासाकीला डच वैद्यक शिकून आलेला, घरंदाज आणि देखणा. वरच्या ओळखींच्या जोरावर आपण शोगुनच्या पदरी वैद्य होणार याची त्याला खात्री आहे. त्याऐवजी त्याला कोइशिकावाच्या गोरगरिबांच्या दवाखान्यात आणून टाकतात. तो तिथला अंगरखा घालायला नकार देतो, मुद्दाम नियम मोडतो, लोळत पडतो. म्हणजे कथानायकच वशिल्याचा आहे, आणि सिनेमाचा सगळा प्रवास त्या वशिल्याची गुर्मी उतरण्याचा आहे. अशा भूमिकेसाठी कुरोसावाने हिरोचा मुलगा घेतला, याला वशिला म्हणायचं की नजर? मरणाऱ्या म्हाताऱ्या रोकुसुकेशेजारी यासुमोतोला एकट्याला बसवलं जातं तेव्हा कायामा फारसं काही करत नाही. ज्याने आजवर असं काही पाहिलेलंच नाही अशा माणसाचा चेहरा तो आपल्याला पाहू देतो, बस. पुढे ओतोयो नावाची मारहाणीने आतून मिटून गेलेली पोर त्याने पुढे केलेला वाडगा भिरकावून फोडते आणि तो रडू लागतो. मग ती निघून जाते आणि नवा वाडगा विकत घेण्यासाठी पुलावर भीक मागताना त्याला सापडते. त्या जागी त्याच्या चेहऱ्यावर दया दिसत नाही, शरम दिसते. ज्याला आयुष्यात सगळं मिळालं त्याला वाटते तशी शरम. हा सिनेमा पुरा व्हायला फार काळ लागला. ऑगस्ट १९६३ ते ऑगस्ट १९६५ या दोन वर्षांत कायामाच्या त्या गल्लाभरू मालिकेतला एकही सिनेमा आला नाही. सोय असलेल्या माणसाने आपल्या सोयीची दोन वर्षं अशी खर्च केली.

आणि कुरोसावाचं नाव निघालं की मिकिओ नारुसे या दुसऱ्या दिग्दर्शकाचं राहून जातं. १९६४ च्या ‘मिदारेरु’त कायामा हिदेको ताकामिनेचा धाकटा दीर आहे. लग्नानंतर सहा महिन्यांत युद्धात विधवा झालेली ही बाई. बॉम्बहल्ल्यात जळालेलं सासरचं दुकान तिने पुन्हा उभं केलं आणि अठरा वर्षं ओढलं. आता शेजारी सुपरमार्केट आलं आहे, अंडी इतकी स्वस्त विकतं की छोट्या दुकानदाराने गळफास लावावा. दीर उडाणटप्पू, दारू, पत्ते, मारामाऱ्या. एक दिवस तो वहिनीला सांगून टाकतो की माझं तुझ्यावर प्रेम आहे. ती घर सोडून माहेरी, उत्तरेला निघते, आणि हा त्याच आगगाडीत चढतो. पुढची काही मिनिटं जवळजवळ मुकी आहेत. गर्दी असताना तो लांब उभा असतो. माणसं उतरतात, तो लांबच्या एका बाकावर बसतो. आणखी काही स्टेशनं जातात, तो थोडा जवळच्या बाकावर दिसतो. मध्येच येऊन तिला काहीतरी देतो, जागेवर परततो. ती नकळत हसते. बाहेर उजेड बदलत राहतो आणि दर वेळी तो एक बाक जवळ सरकलेला असतो. शेवटी तो तिच्या समोर बसून झोपी गेला आहे, आणि त्या झोपलेल्या तरुण चेहऱ्याकडे पाहता पाहता तिचे डोळे भरून येतात. आपण पुढच्या स्टेशनवर उतरू या, ती म्हणते. गुण ताकामिनेचे, रचना नारुसेची, सगळं कबूल. पण लाडावलेल्या धाकट्याचा हट्ट आणि त्याच्या तळाशी असलेलं अस्सल प्रेम, हे दोन्ही एकाच चेहऱ्यात न दाखवणारा नट तिथे असता तर ती आगगाडी जागची हललीच नसती. तीनच वर्षांनी नारुसेने आपल्या शेवटच्या सिनेमात, ‘मिदारेगुमो’त, त्याला पुन्हा घेतलं, या वेळी योको त्सुकासासमोर. मोटारीच्या अपघातात त्याच्या हातून तिचा नवरा मारला गेलेला. तोवर कायामा देशातला अत्यंत लाडका गायक झाला होता, आणि नारुसेने त्याला तिथे गायला लावलंही. पण एका साध्या खोलीत, वाद्याशिवाय, एक लोकगीत, कायमच्या निरोपाआधी.

आता संगीताकडे येतो, कारण माझा सगळ्यात भक्कम मुद्दा तिथेच आहे. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत जपानी रेकॉर्ड कंपन्यांचा कारभार ठरलेला होता. कवी कंपनीचा, संगीतकार कंपनीचा, दोघेही कराराने बांधलेले. गायकाने उभं राहायचं आणि दिलेलं गायचं. ही भिंत एकट्या कायामाने पाडली असं मी म्हणणार नाही. हाचिदाई नाकामुरा आणि रोकुसुके एइ यांनी गायक क्यू साकामोतोसाठी केलेलं गाणं १९६३ मध्ये अमेरिकेतल्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं होतं. पण स्वतः चाल बांधायची, स्वतः गायची आणि स्वतःच पडद्यावर ती वाजवताना दिसायचं, हे चित्र जपानी पोरांच्या मनावर ठसवलं ते कायामाने. संगीतकार म्हणून त्याने टोपणनाव घेतलं ‘दान कोसाकू’. इकुमा दान आणि कोसाकू यामादा या दोन थोर संगीतकारांच्या नावांचे तुकडे जोडून. नाव ऐकूनच कळतं की हे एका हौशी भक्ताचं काम आहे. चाल आधी तो करायचा, शब्द मागाहून तोकिको इवातानी बसवायची. आपल्याला यात नवल वाटू नये. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये ‘शाकुंतल’ची पदं लिहिली तीही लोकांच्या कानात बसलेल्या चालींवरच. डिसेंबर १९६५ मधलं ‘किमि तो इत्सुमादेमो’ लाखोंनी खपलं. गाण्याच्या मध्येच तो थांबतो आणि साध्या बोलण्याच्या आवाजात, स्वतःशीच बोलल्यासारखं, किती सुखी आहे मी, असं म्हणतो. घोटून तयार केलेला गायक असं कधी करणार नाही. ती हौशी माणसाची जागा आहे, आणि लोकांनी जीव टाकला तो तिच्यावरच.

त्यासोबत आणखी एक गोष्ट घडत होती. १९६५ मध्ये जपानी पालक-शिक्षकांना इलेक्ट्रिक गिटारची धास्ती बसली होती. हे वाद्य हातात आलं की पोरगं वाया जातं, असा सार्वत्रिक समज होता. तोचिगी प्रांतातल्या आशिकागा शहरात तर शिक्षण मंडळाने शाळकरी मुलांना त्यावर बंदीच घातली. पेटीला आकाशवाणीवर बंदी होती हे आठवणाऱ्या आपल्या लोकांना वाद्याची अशी भीती समजावून सांगायला नको. त्याच वर्षाच्या शेवटी आलेल्या ‘एरेकि नो वाकादाइशो’त तेच वाद्य कोणाच्या हाती दिसतं? आजीच्या पाया पडणाऱ्या, खेळात पहिल्या येणाऱ्या, पोटभर जेवणाऱ्या दुकानदाराच्या पोराच्या. मवाल्याचं वाद्य एका सिनेमात घरातलं झालं. कायामाची ‘ब्लॅक सँड बीच’ ही केवळ वाद्यांची रचना ज्या व्हेंचर्स या अमेरिकन बँडचं अनुकरण करत जपान गिटार शिकला त्या व्हेंचर्सनीही पुढे वाजवली. मला इथे स्वच्छ दिसतं ते हे: मासळीवाल्याच्या मुलाने ती गिटार उचलली असती तर पोलिसांनी नाव लिहून घेतलं असतं. घरंदाज पोराने उचलली, आणि तिला अब्रू मिळाली. हे न्याय्य आहे का? मुळीच नाही. पण त्या अब्रूचा फायदा पुढच्या पाच-दहा वर्षांत ज्यांना झाला ते सगळे घरंदाज नव्हते. १९७० च्या दशकात गावोगावची मुलं गिटार घेऊन स्वतःची गाणी गाऊ लागली. चिगासाकीतच वाढलेला गायक-गीतकार केइसुके कुवाता त्यांच्यातलाच.

यावर एक आक्षेप येतो आणि तो दमदार आहे. ती मालिका, ‘वाकादाइशो’, मराठीत म्हणायचं तर ‘धाकटे मालक’, ही खोटी होती. कायामा त्यात विद्यापीठातला पोरगा युइची तानुमा असतो. खेळतो, गातो, प्रेमात पडतो, गैरसमज होतो, मिटतो. १९६१ ते १९७१, तेच ते. आणि त्या काळात खऱ्या विद्यापीठांत काय चाललं होतं? ज्या १९६० साली कायामा तोहोत आला त्याच वर्षाच्या १५ जूनला अमेरिकेबरोबरच्या सुरक्षा कराराविरुद्ध मोर्चात गेलेली मिचिको कानबा ही विद्यार्थिनी संसदेच्या आवारात मरण पावली. जानेवारी १९६९ मध्ये टोकियो विद्यापीठाच्या यासुदा सभागृहात विद्यार्थी आणि पोलीस दोन दिवस लढत होते. त्याच महिन्यात पडद्यावर धाकटे मालक पदवी घेऊन कंपनीत नोकरीला लागत होते. जळत्या घरासमोर बसून बासरी वाजवावी, तसं हे नाही का?

आक्षेपातली वस्तुस्थिती मला मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. १९६० च्या सुमारास जपानी तरुणांतला दहातला जेमतेम एक उच्च शिक्षणापर्यंत पोहोचत होता. दर वसंतात आओमोरीसारख्या उत्तरेच्या भागांतून खास आगगाड्या भरून पंधरा वर्षांची मुलं टोकियोच्या उएनो स्टेशनवर उतरत, कारखान्यांत आणि दुकानांत राबायला. यासुदा सभागृहात लढणारी मुलं त्या दहातल्या एकाची होती. रविवारी थिएटरात बसणारी बरीचशी या आगगाड्यांतली. त्यांनी विद्यापीठ पाहिलं ते धाकट्या मालकांच्या सोबतीने. ‘हवाईचे धाकटे मालक’ ऑगस्ट १९६३ मध्ये आला. सामान्य जपानी माणसाला निव्वळ फिरायला परदेशी जाण्याची परवानगी मिळाली ती १ एप्रिल १९६४ पासून. म्हणजे ज्या समुद्रात कायामा पडद्यावर पोहत होता तिथे जाणं प्रेक्षकाला तेव्हा कायद्यानेच शक्य नव्हतं. याला पळवाट म्हणा हवं तर, पण पळणारा कुठून पळतोय तेही बघा. आणि मालिकेत एक गोष्ट आहे जी टीकाकार पाहतच नाहीत. धाकट्या मालकांचा प्रतिस्पर्धी आओदाइशो हा कारखानदाराचा लाडावलेला मुलगा. बापाची मोटार उडवायची, परीक्षेत कॉपी करायची, पैशाने पोरगी मिळेल असं समजायचं. पडद्यावर हसू होत होतं ते वारसदाराचं. हे काम करणारा कुनिए तानाका गिफू प्रांतातल्या मातीच्या भांड्यांचा धंदा करणाऱ्या घरातला, काही काळ शिक्षकी केलेला. हाइयुझा नाट्यसंस्थेच्या अभ्यासक्रमाला त्याला प्रवेश मिळाला तो तिसऱ्या खेपेला. खऱ्या आयुष्यातला वारसदार दुकानदाराचा पोर झाला आणि खऱ्या आयुष्यात दारं ठोठावून आलेला माणूस वारसदाराची फजिती करून दाखवत होता. याहून नेमकी टीका घोषणा देऊनही झाली नसती.

तानाकाचं नाव निघालं म्हणून सर्वांत अवघड गोष्टीशी येतो. त्याला तिसऱ्या खेपेला दार उघडलं. ज्यांनी दुसऱ्या खेपेनंतर आशा सोडली त्यांचं काय? कायामाइतकाच चांगला, कदाचित त्याहून चांगला यासुमोतो उभा करू शकला असता असा एखादा पोरगा त्या वर्षी उएनोला उतरून लेथ मशिनवर उभा राहिला असेल. त्याची गाणी कोणत्याही रेकॉर्डवर नाहीत, त्यामुळे तो कोणत्याही तुलनेत येत नाही. आत गेलेल्याचं काम कितीही चांगलं असो, बंद दाराचं समर्थन त्यातून होत नाही; त्या रात्री दुसरी बाजू नेमकी हीच चूक करत होती. पण या न आलेल्या पोराचा न्याय कायामाला तट्टू म्हटल्याने होतो का? दार रुंद करायचं तर शिष्यवृत्त्या, खुल्या चाचण्या, गावागावांत शिक्षण, यांचा आग्रह धरावा लागतो. ते कष्टाचं काम आहे. एखाद्याच्या बापाचं नाव फोनवर शोधणं सोपं आहे, आणि तेवढं केल्यावर काहीतरी न्यायाचं केल्याचं समाधान मिळतं. मला त्या समाधानाची भीती वाटते.

वारशाची कसोटी पडझडीतही लागते. १९६५ मध्ये चिगासाकीच्या किनाऱ्यावर कायामाच्या नातेवाइकांनी वडिलांच्या आणि त्याच्या नावावर एक झगझगीत हॉटेल उभं केलं. १९७० मध्ये ते बुडालं, आणि २ अब्जांहून अधिक येनचं कर्ज त्याच्या डोक्यावर आलं. नेमका तेव्हाच सिनेमा ओसरत होता, आणि गाण्यात त्याचीच वाट धरून आलेले नवे लोक पुढे गेले होते. त्याच वर्षी त्याने लग्न केलं होतं. एका कच्च्या अंड्यात दोघांनी भात कालवून खाल्ल्याची आठवण तो पुढे सांगत असे. रात्रीच्या क्लबांत, कॅबरेत, मिळेल तिथे गाऊन त्याने सुमारे दहा वर्षांत ते फेडलं. इथे बालगंधर्व आठवल्याशिवाय राहत नाहीत. १९२१ च्या सुमारास कंपनीवर लाखाहून जास्त कर्ज होतं. चाहते निधी उभारून द्यायला तयार असताना तो न घेता त्यांनी रात्रीमागून रात्र उभं राहून, गाऊन ते फेडलं. पण तोल सुटू नये म्हणून हेही लिहितो की नाव होतं म्हणूनच कायामाला गाऊन फेडता आलं. कर्जात बुडालेल्या सामान्य हॉटेलवाल्याला ऐकायला कोण तिकीट काढणार? मला मोलाचं वाटतं ते इतकंच, की पळून जाण्याची सोय असताना तो थांबला. १९७० च्या दशकाच्या मध्यात जुने ‘धाकटे मालक’ टोकियोत रात्ररात्र दाखवले जाऊ लागले, मालिका सुरू झाली तेव्हा रांगत असलेली पोरं ते पाहायला येऊ लागली. १९७६ मध्ये ‘उमि सोनो आइ’ आलं, समुद्रावरचं. शब्द पुन्हा इवातानीचे, चाल पुन्हा दान कोसाकूची.

पुढचं थोडक्यात. २०१८ मध्ये त्याची लाडकी बोट ‘कोशिनमारू’ जळाली. २०१९ आणि २०२० मध्ये मेंदूचे दोन आजार झाले, बोलणं अडखळू लागलं. २०२१ मध्ये सरकारने त्याचा सांस्कृतिक कार्याबद्दल सन्मान केला. ९ सप्टेंबर २०२२ ला टोकियोत शेवटचा मोठा कार्यक्रम केला, आणि त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला, सारा जपान पाहतो त्या ‘कोहाकु’ या टीव्हीवरच्या गाण्यांच्या कार्यक्रमात, पंच्याऐंशीव्या वर्षी त्याने तेच समुद्राचं गाणं म्हटलं आणि मंचाचा निरोप घेतला.

आमच्या क्लबात पुढच्या महिन्यात ‘मिदारेरु’ दाखवायचं ठरलं आहे. फोनवर शोधून निकाल देणाऱ्या मित्राला मी एवढंच सांगून ठेवलं आहे, की आगगाडी सुटली की दुसरं काही बघू नकोस, दर वेळी तो कुठल्या बाकावर बसलाय तेवढंच बघत राहा.